दिसल्याशिवाय पुकारायचं नाही

त्या शहरात तिचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि तिला तोंडावरून ओळखतो असा माणूस सापडणं त्याहून कठीण. बसस्टँडच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर मान वाकवून उभा असलेला माइक आणि माइकसमोर ती. तिच्या एका वाक्यासरशी खाली फलाटांवरची माणसं बोचकी उचलून, पोरं काखोटीला मारून धावत सुटत. तीच बाई संध्याकाळी बाजारात उभी राहिली, तर कोणी ढुंकून बघत नसे. एकदा मात्र तिने भाजीवाल्याला विचारलं, "कांदे सुके आहेत ना?" तर शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीने दचकून पिशवी उचलली आणि म्हणाली, "कितव्या फलाटावर गं?"

स्टँडवर तिला सगळे माइकबाई म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई.

माइकबाईचा एक नियम होता. गाडी फाटकातून आत वळताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, की मगच पुकारायची. मागच्या थांब्यावरून फोन येवो, कंट्रोलर घड्याळ दाखवो, प्रवासी वर बघून हातवारे करोत, तिचं उत्तर एकच. "दिसू दे." याला कारण होतं. नोकरीत नवी असताना तिने एकदा फोनच्या भरवशावर गाडी पुकारली. लोक धावले. एक आजोबा धावता धावता पडले, त्यांचा चष्मा फुटला, गुडघाही फुटला. आणि गाडी? ती वळणावर चाक पंक्चर होऊन निवांत उभी होती. कोणी वर येऊन भांडलं नाही. पण फलाटावरच्या सगळ्यांनी एकदम माना वर करून काचेकडे पाहिलं, तेवढं तिला पुरलं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला.

नियमाने तिचा फायदाच झाला. लोक म्हणू लागले, माइकबाईने पुकारली म्हणजे गाडी आली, घड्याळ चुकेल पण ही चुकायची नाही. पण नियम हा उंदरासारखा असतो. एकदा दुकानात शिरला, की घरात यायला त्याला फार दिवस लागत नाहीत. तिचा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनघरात कामाला होता, अर्धं वर्ष पाण्यावर. तो सुट्टीवर येणार असला तरी ती शेजारणीलाही सांगत नसे. दारात त्याचे मोठाले बूट दिसले, की शेजारी समजायचे, आले वाटतं.

आता या नवऱ्याला एक थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलेला. बसने दोन तासांवरच्या गावात तिचं बटणं, दोरे आणि लेस विकायचं दुकान. तिला सगळे ताई म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. आणि ताईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. बायका दुकानात बटणं घ्यायला येत आणि बातम्या घेऊन जात. खोटं कशाला सांगा, रोज येणाऱ्यांतल्या काहींच्या घरी शिवणयंत्रच नव्हतं. लग्नात ताईंनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं, "आता आमच्या घरात दोघी पुकारणाऱ्या झाल्या. फरक एवढाच, की हिला माइक लागतो."

माइकबाई तेव्हा हसली होती.

तीन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने आनंदाच्या भरात बहिणीला सांगितलं आणि वर "एवढ्यात कोणाला बोलू नकोस" असंही सांगितलं. ही शेवटची सूचना म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यातला प्रकार. संध्याकाळच्या गाडीने आलेल्या कंडक्टरने खालूनच माइकबाईला हात दाखवला आणि पोटावरून गोल फिरवला. दुसऱ्या दिवशी चार कंडक्टर, तिसऱ्या दिवशी सफाईवाली, चौथ्या दिवशी पास काढायला आलेली कॉलेजची पोरगी. आणि मग तिसरा महिना संपायच्या आत ते सगळं आटोपलं. गाडी फाटकात आलीच नाही.

ते गेल्याचं दुःख होतंच. पण बातमी कशी असते, ती जाताना बसने जाते आणि खोडून काढायला पायी निघावं लागतं. पुढचे कित्येक महिने कोणीतरी हसत हसत विचारायचंच, "काय, कितवा?" एकदा वरच्या घाटाकडून आलेल्या गाडीच्या खिडकीतून एका भल्या माणसाने ओरडून विचारलं, "झालं का मग? पेढ्याबिढ्यांचं बघा." माइकबाईने बटण दाबलं आणि ती गाडी जिथे जायची होती तिथलं नाव, फलाट, सगळं बिनचूक पुकारलं. आवाजाला कंपसुद्धा आला नाही. मग तिने माइक बंद केला आणि ताईंना फोन लावला.

"ताई, तुम्हाला सांगणं म्हणजे माझ्यापेक्षा मोठ्या माइकवर सांगणं. यापुढे माझ्या घरातलं काही तुमच्या कानावर येणार नाही."

ताई आयुष्यात पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. दोघींनी फोन ठेवले. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं.

या खेपेला तिने कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याकडून वचन घेतलं. तो बिचारा बोटीवर, त्याला सांगायला होतं कोण, इंजिन? त्याचा फोन बोट बंदराला लागल्यावरच लागायचा. तिची आई नव्हती. वडील भावाकडे लांब राहत आणि त्यांना इतकं कमी ऐकू येई, की त्यांना गुपित सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं. तिने सैल कपडे घातले, खांद्यावरून मोठी ओढणी घेतली. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. जिना ती थांबत थांबत चढू लागली. एक दिवस तिच्या खुर्चीवर एक उशी आली. कोणी ठेवली ते तिने विचारलं नाही, आणि ठेवणाऱ्यानेही सांगितलं नाही. स्टँडवरच्या लोकांना तिचा नियम ठाऊक होता. ती बोलत नाही तोवर त्यांनाही काही दिसत नव्हतं.

फक्त आवाज लपवता येईना. पोट वाढलं तसा श्वास आखूड झाला. "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक" म्हटल्यावर ती थांबायची, दम घ्यायची आणि मग "तीनवर" म्हणायची. तेवढ्या थांबण्यात लोक सगळ्या फलाटांकडे बघून घ्यायचे.

घरी मात्र तिच्या बोलण्यासाठी थांबणारं कोणी नव्हतं. कामावरून आल्यावर ती पाय बादलीत बुडवून बसायची, आणि दिवसभर इतकं बोलून आलेल्या बाईला घरात बोलायला काही नसायचं. कधी कधी ती पोटावर हात ठेवून हळूच म्हणे, "फलाट क्रमांक एक." आतून एक लाथ यायची. दोघांचं बोलणं तेवढंच.

दिवस भरले, भरून वर गेले. कळा येईनात. स्टँडच्या कंट्रोलरला राहवलं नाही. त्याचा घसा झिजलेल्या ब्रेकसारखा होता, आणि ती रजेवर गेल्यावर माइकवर त्यालाच बसायचं होतं, म्हणून त्याची चिंता दुहेरी होती. तो म्हणाला, "माइकबाई, सगळ्यांच्या गाड्या वेळेवर पुकारता आणि तुमचीच गाडी लेट."

"तांत्रिक कारण," ती म्हणाली.

"किती उशीर?"

"दिसली की सांगते."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आता वाट बघण्यात अर्थ नाही. बाळाभोवतीचं पाणी कमी होतंय. उद्या सकाळी दाखल व्हा, औषध ठेवून कळा आणू. "आणू" हा शब्द त्यांनी अशा थाटात उच्चारला, की जणू कळा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. माइकबाईने विचारलं, "आणल्या तर येतील ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक येतात."

ती सकाळी एकटीच पिशवी घेऊन गेली. वॉर्डात चार खाटा. शेजारच्या खाटेवर जी पहिलटकरीण होती तिच्याभोवती लग्नघर भरलं होतं. आई, सासू, दोन मावश्या, एक कसलीतरी वहिनी. एक पाठ चोळत होती, एक पाणी पाजत होती, आणि उरलेल्या तिघी चोळणारीचं कसं चुकतंय ते सांगत होत्या. माइकबाईच्या खाटेजवळ एक स्टूल होतं. त्यावर तिने पिशवी ठेवली, म्हणजे ते रिकामं दिसू नये.

सिस्टर आली. पन्नाशीची, जाड भिंगांची, दिवसाकाठी पन्नास बायकांचा आरडाओरडा ऐकून मुरलेली.

"सोबत कोण?"

"मी आलेय ना."

"तुम्ही आलात ते दिसतंय. तुमच्याशिवाय इथे काम कोणाचं करणार आम्ही? सोबतीला कोण आहे?"

"कोणी नसलं तर?"

"तर औषध ठेवत नाही. पहिलं बाळंतपण आहे. आज सुरू केलं तर उद्यापर्यंत चालेल, कदाचित त्याच्याही पुढे. मध्येच ऑपरेशनची वेळ आली तर धावपळीला माणूस लागतं. बोला, कोण येतंय?"

शेजारच्या खाटेवरच्या सगळ्या माना इकडे वळल्या. चोळणारीचा हातसुद्धा थांबला. आणि माइकबाईने, जिने गेल्या कित्येक वर्षांत न दिसलेली एकही गाडी पुकारली नव्हती, तिने पुकारली.

"नणंद येतेय. निघाल्यात. वाटेत आहेत."

हे शब्द तोंडातून कसे गेले तिलाच कळलं नाही. आवाज मात्र ठरलेला, स्टँडवरचा, कुठे अडखळला नाही. त्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय सगळ्या शहराला होती. सिस्टरलाही होती. तिने मान डोलावली आणि पडदा ओढला.

शेजारची सासू मात्र कपाळाला आठी घालून म्हणाली, "अगं बाई, हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

"सगळ्यांना तसंच वाटतं," माइकबाई म्हणाली.

औषध ठेवलं. गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला हवं, मग ते उघडायला लागेल, असं सिस्टरने सांगितलं. पोटाला पट्टा बांधला आणि खाटेशेजारच्या यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येऊ लागले. धडधड धडधड. माइकबाईने कान दिला. इंजिन चालू होतं, छान चालू होतं. पण गाडी काही फलाट सोडेना.

दर थोड्या वेळाने सिस्टर डोकावायची. "आल्या का नणंदबाई?"

"येतीलच."

पुन्हा. "आल्या का?"

"थोड्या उशिराने."

पुन्हा. "अहो, कुठपर्यंत आल्या?"

"वळणावर असतील."

शेजारच्या वहिनीने एका वाटीत काहीतरी आणून दिलं, घासभर खा म्हणाली. माइकबाईने नको म्हटलं. ती कुजबुजत परत गेली, आणि पडद्यापलीकडून "एकटीच आहे गं" एवढंच ऐकू आलं. कुजबूज ही विचित्र गोष्ट आहे. ज्याच्यापासून लपवायची, नेमकं त्यालाच ती माइकवर बोलल्यासारखी ऐकू जाते.

दुपारी पोटात काहीतरी आवळलं. सुटलं. पुन्हा आवळलं. कंबरेतून निघून पुढे येई आणि मुठीत धरल्यासारखं पोट दगड होई. तिने खाटेचा लोखंडी दांडा पकडला. शेजारी अशीच कळ आली, की आधी ती पोरगी ओरडायची, मग तिची आई, मग मावश्या, आणि सगळी खाट मिळून ती कळ पार करायची. माइकबाईच्या खाटेवर ती आली तशी आवाज न करता गेली.

"ओरडा हो," सिस्टर म्हणाली. "इथे बंदी नाही."

"सवय नाही."

सिस्टर निघून गेल्यावर ती स्टुलावरच्या पिशवीकडे बघत पडून राहिली. तिला एकदम स्टँडवरचे बाक आठवले. इतकी वर्षं ती फाटकाकडे बघत आली होती. खाली बाकांवर माणसं असत, हे तिला ठाऊक होतं, पण तिची नजर त्यांच्या डोक्यांवरून जायची. गाडी दिसत नसली, की पुकारायचं नाही, मग त्यांच्याकडे बघून काय करायचं? ती माणसं सारखी वर काचेकडे बघत. तिला वाटायचं, काय घाई आहे यांना, आली की सांगेनच की. आता ती स्वतःच बाकावर बसली होती. गाडी कधी येणार, हे तिलाही कोणी सांगायला नको होतं. वरून कोणीतरी नुसतं म्हणायला हवं होतं, की बाई, तू तिथे आहेस हे मला ठाऊक आहे.

पण म्हणणार कोण? माइक तर तिने स्वतःच बंद करून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, हातमोजे काढले. "तोंड अजून पुरेसं उघडलं नाही. सलाईनमधून औषध सुरू करू, कळा वाढतील. नाहीच पुढे सरकलं तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. तुमच्या माणसाशी मला बोलायचंय. कुठे आहेत?"

माइकबाईने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाली, "खरं सांगा. ती गाडी सुटलीये तरी का?"

"फोन करते," माइकबाई म्हणाली.

ताईंचा नंबर तिने काढून टाकला नव्हता. काय सांगणार होती ती? दोन वर्षांनी फोन, आणि तोही गरज पडली म्हणून. वर अजून काही झालेलं नव्हतं. होईल की नाही, कसं होईल, सगळं अंधारात. तिच्या नियमात हे बसत नव्हतं. पण पुढची कळ कंबरेतून निघाली होती, आणि ती यायच्या आत तिने बोट टेकवलं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पलीकडून कोणी हॅलो म्हणालं नाही. फक्त मोठ्या जागेचा घुमणारा गोंगाट, कुठेतरी इंजिनाची घरघर, आणि मग त्या गोंगाटावरून एक झिजलेल्या ब्रेकसारखा आवाज, "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाच... थांबा. चारवर. धावू नका, धावू नका, पाचवरच."

माइकबाईने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

"ताई, तुम्ही कुठे आहात?"

"मी? बसलेय आपली."

"कुठे बसलाय?"

"बाकावर." आणि लगेच, "हा कोण घसा फुटलेला बसवलाय गं तुझ्या जागेवर? सकाळपासून तीनदा लोकांना भलत्या गाडीत चढवलं त्याने."

"सकाळपासून?"

"तुझा आवाज आला नाही. मग म्हटलं, बसावं."

कळ आली. माइकबाई बोलू शकली नाही. दोघी ऐकत राहिल्या, एक दुसरीचा श्वास आणि दुसरी पहिलीचा. कळ ओसरल्यावर माइकबाईने विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. सहावा असेल तेव्हा तुझा, एक कंडक्टर दुकानात सहज म्हणाला, माइकबाईला हल्ली धाप लागते. मी ओळखलं. मी काय आज जन्मलेय? मग येते अधूनमधून. गाडीने येते, बाकावर बसते, तुझ्या चार गाड्या ऐकते. आवाज बरा वाटला, की परत जाते."

"वर का नाही आलात?"

"तू बोलावलं होतंस का?"

माइकबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोणाला बोलले नाही हो," ताई घाईघाईने म्हणाल्या, जशी काही त्यांचीच चौकशी चालली होती. "शप्पथ. बायका आल्या की माझा घसा बसलाय म्हणून सांगते. अर्ध्या यायच्या थांबल्या. मग झबली शिवत बसते. तोंडात दोऱ्याचं टोक धरलं, की बोलता येत नाही ना. गठ्ठा झालाय घरी."

माइकबाई हसली. हसताना पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं होतं हे तिने तपासलं नाही.

"ताई, मी दवाखान्यात आहे. औषध दिलंय, पण अजून काही झालेलं नाही. काही दिसत नाहीये. पण तुम्ही या."

पलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला. "कुठला दवाखाना तेवढं सांग, बाकी मी वाटेत विचारत येते."

"विचारू नका कोणाला."

"बरं, नाही विचारत. पण मग चुकले तर तू जबाबदार."

सिस्टरने सलाईन लावलं. कळा वाढल्या, एकीच्या पाठीवर दुसरी चढू लागली. माइकबाई दाराकडे डोळे लावून होती, फाटकाकडे लावायची तशी. सिस्टर म्हणाली, "काय?"

"निघाल्या."

"सकाळपासून निघाल्याच आहेत त्या."

"आता खरंच निघाल्या."

आणि दारात आधी एक फुगलेली पिशवी आली, मग कपाळावर घाम, मग ताई. दोन वर्षांत त्या वाळल्या होत्या, केस पिकले होते. त्यांनी वॉर्डावरून एक नजर फिरवली, शेजारच्या खाटेवरची गर्दी डोळ्यांत साठवून घेतली, आणि मग त्यांना ती दिसली. स्टुलावरची पिशवी त्यांनी उचलून खाली ठेवली आणि स्टुलावर बसल्या.

"आल्या," माइकबाई सिस्टरला म्हणाली. ते पुकारताना तिचा आवाज पहिल्यांदा कापला.

पुढचं सगळं ताईंनीच केलं असं म्हणायला हरकत नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलल्या, धीर धरा म्हणाल्या, आणि मग इतक्या महिन्यांचा तुंबलेला बांध फुटला. दुकानासमोरच्या शिंप्याची बायको माहेरी का गेली, शाळेच्या मुख्याध्यापकांनी केस कधीपासून काळे केले, कोणाच्या लग्नात कोणाचा फोटो कापून टाकला. कळ आली की ताईंचं मनगट माइकबाईच्या मुठीत आणि ताईंचं तोंड चालू, कळ गेली की पुढचं प्रकरण. मध्ये सिस्टर येऊन उभी राहिली, मग टेकली, मग म्हणाली, "त्या शिंप्याचं पुढे काय झालं?" शेजारच्या मावश्याही पडद्याच्या फटीशी आल्या. रात्र कशी सरली ते त्या वॉर्डात कोणालाच सांगता आलं नाही.

उजाडायच्या सुमाराला शेवटची, सगळ्यांत मोठी कळ आली, तेव्हा माइकबाई ओरडली. माइक नसताना, आणि अशी, की खालच्या मजल्यावरचा वॉचमन उठून बसला. शेजारची सासू पडद्यामागून म्हणाली, "आता ओळखला हो आवाज. बसस्टँड."

मुलगी झाली. तांबूस, सुरकुतलेली, आणि आवाजाला खणखणीत. ऑपरेशन करावं लागलं नाही. ताईंनी पिशवीतलं एक झबलं तिला घातलं. ते इतकं मोठं होतं, की मुलगी त्यात हरवली.

थोड्या वेळाने सगळे पांगले. ताई हातात फोन घेऊन घुटमळत उभ्या राहिल्या. विचारावं की नाही, असं दोनदा झालं.

"सांगू का आता?"

माइकबाईने कुशीतल्या गाठोड्याकडे बघितलं. "दिसली ना डोळ्यांनी? मग सांगा."

ताई बाहेर व्हरांड्यात गेल्या. त्यांचा आवाज ऐकू येईल म्हणून माइकबाईने वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ताई परत आल्या, फोन तसाच हातात.

"काय झालं?"

"त्याची बोट अजून पाण्यात आहे. फोन लागत नाही." ताई स्टुलावर बसल्या. "आणि बाकी कोणाला सांगू तेच सुचेना बघ. आयुष्यभर सगळ्यांना सगळ्यांचं सांगत आले. पण माझं म्हणून काही कोणाला सांगायचं, तर असं माणूसच नाही गं."

माइकबाई खाटेवर जराशी सरकली आणि त्यांना जागा करून दिली.

"मग मला सांगा."

"तुला? तू तर इथेच होतीस."

"मला कुठे काही दिसलं? मी डोळे मिटून होते."

ताईंनी तिच्याकडे बघितलं, थट्टा आहे का ते पडताळलं. मग पाय वर घेऊन बसल्या, आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. बाकावर बसले होते, फोन वाजला तेव्हा तो पहिल्याच घंटीला कसा उचलला, वाटेत कोणालाही न विचारता दवाखाना कसा शोधला, डॉक्टरीणबाई दोनदा कशा घाबरल्या. यातलं निम्मं पदरचं होतं. डॉक्टरीणबाई एकदाही घाबरल्या नव्हत्या, आणि दवाखान्याचा रस्ता ताईंनी निदान तिघांना तरी विचारला असणार. माइकबाईने एकदाही अडवलं नाही. उशीला मान टेकून, मुलीच्या पाठीवर हात ठेवून ती ऐकत राहिली, आणि कुठे ताई दम घ्यायला थांबल्या, तर म्हणत राहिली, "हं. मग?"